रकाना क्रमांक सात

ऑगस्ट संपत आला की विद्यापीठाचा तक्ता येतो.
पदव्युत्तर विभाग, मृदाशास्त्र, भाग एक आणि दोन.
रकाना सहा : देशांतर्गत.
रकाना सात : परदेशी.
एकोणीस वर्षं मी सातमध्ये एक आडवी रेघ मारत आले,
पट्टी न लावता.

यंदा तिथं आकडा लिहायचाय.
आकडा म्हणजे तेस्फाये,
इथिओपियाचा, अवाश नदीकाठचा,
उंची एवढी की स्टोअररूमच्या दारात
रोज कुणाच्या तरी पाया पडल्यासारखा वाकतो.

मंजूर जागा वीस. भरल्या पाच.
स्नेहल तोडकर, ही खरंच येते.
इम्तियाज मुजावर सकाळपुरता,
दुपारी तो मिरजेत औषधाच्या दुकानात.
खोत आणि हजारे यांच्या फक्त सह्या येतात,
माणसं पुण्याच्या अभ्यासिकेत, फौजदार व्हायला बसलेली.
आणि हा.
पाचाच्या खाली गेलं की अभ्यासक्रम बंद, परिपत्रक आहे तसं.
म्हणजे सांगलीची माती सांगलीत शिकवायची
तर टेकू कुठून आलाय बघा.

प्राचार्य म्हणतात, "बाई, समतोल राखला पाहिजे."
कुठला, ते मी विचारलं नाही.
हळदीच्या पेठेत वाढले मी. वडील तोलार.
काटा थांबायच्या आधी जो आकडा बोलतो
त्याच्याकडं नीट बघून ठेव, म्हणायचे.

जुलैत त्याला घेऊन विश्रामबागेला गेले,
पोलिसांत परदेशी माणसाची नोंद करायला.
हवालदारानं फॉर्मवरनं वाचलं :
भारतात येण्याचं कारण?
तेस्फाये म्हणाला, मराठीत,
"चोपण."
हवालदारानं पेन खाली ठेवलं.
"कसबे डिग्रजला आमची चार एकर चोपणच हाय की."
मग अर्धा तास जिप्सम,
जमिनीखालच्या भोकाच्या पाइपा,
किती फुटांवर टाकायच्या, पाणी कुठल्या ओढ्याला सोडायचं.
"आमच्याकडं पण ऊस," तेस्फाये सांगत होता,
"पाणी जास्त. मग पांढरं. मग काही नाही."
या गडबडीत शिक्का राहिला.
दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं, रिक्षाचे साठ माझेच.

माझा भाचा निनाद इथलीच जागा सोडून ड्रेस्डेनला गेला.
तिथल्या कुणा बाईच्या तक्त्यात
तो कुठल्या रकान्यात बसतो, मला ठाऊक आहे.
फोनवर हसत होता :
मावशी, वर्गात आम्ही बाहेरचेच सोळा, इथली दोन पोरं.
म्हटलं, मग त्या दोघांना कधीतरी जेवायला बोलाव.

गेल्या आठवड्यात कृष्णेचं पाणी
स्टोअररूममध्ये घोटाभर आलं.
मातीच्या पिशव्या वाचल्या, चिठ्ठ्या विरघळल्या.
नांद्रे, डिग्रज, आणि त्यानं परवाना काढून
घरून आणलेली एक,
सगळ्यांवर तीच पांढरी साय.
यंत्र आणा, मोजा, वगैरे सकाळी ठरलं.
पण रात्री आठला मी कुलूप लावायला गेले तेव्हा
स्नेहल प्रत्येक पिशवीतला कण जिभेवर ठेवत होती.
खारट, म्हणाली. हीपण खारट. हीपण.
मग त्यानं ठेवला.
तिसऱ्या पिशवीशी थांबला.
"ही."
कशावरून, विचारलं तिनं.
त्याला सांगता येईना,
मराठीत नाही, इंग्रजीत नाही,
आणि तिसऱ्या भाषेत सांगितलं असतं
तर आम्हाला कळलं नसतं.
दुसऱ्या दिवशी यंत्र काय म्हणालं, मी विचारलं नाही.

तक्ता आज जायचाय.
सहामध्ये चार लिहिले, दोन सह्यांसकट.
सातमध्ये हात सवयीनं रेघेलाच निघाला होता,
मध्येच वळवला,
त्यामुळं तो एक जरा आडवा झालाय,
दारातून आत येताना वाकल्यासारखा.
खाडाखोड चालत नाही.
तसाच पाठवते.